सैल हाताची भिंत

दोरखंडाच्या त्या कारखान्यात तीन पिढ्यांनी एक गोष्ट इमानेइतबारे फेकून दिली होती, ती म्हणजे भांगेची काडी. साल सोलून वाख काढायचा, त्यातून जहाजांचे दोरखंड, शिडांचं कापड, गोण्यांची सुतळी करायची. उरलेली पांढरी काडी थेट चुलीत. पुढे नायलॉन आलं आणि वाखालाही कुणी विचारेना.

तेव्हा मालकांच्या सुनेच्या डोक्यात आलं, काड्यांचा भुगा चुन्यात कालवून भिंती उभ्या करायच्या. शाळेच्या नव्या इमारतीचं काम मिळालं तर कारखाना तरणार होता, नाही तर फाटकाला कुलूप.

"सूनबाई, काडी ओढली की भक्कन पेटेल ही भिंत!" सासरे म्हणाले.

पहिली भिंत पडली खरी, पण आगीने नव्हे. दोर वळणाऱ्यांचे हात ते, जन्मभर आवळत आलेले! साच्यात भुगा असा ठोकून ठोकून भरला की आत ओल तशीच राहिली, आणि साचा काढताच सगळं ढासळलं. सगळ्यात जोरात ठोकलं होतं मामंजींनीच.

सून कधी नव्हे ती कडाडली, "मामंजी, हा दोर नाही! त्यात हवा राहू द्या. हात सैल सोडा!"

म्हातारा चार दिवस कारखान्यात फिरकला नाही. पाचव्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी आला आणि तान्ह्या बाळाला थोपटावं तसा भुगा हलक्या हाताने दाबू लागला. ही भिंत मस्त खडखडीत वाळली.

भिंतीच्या आगीच्या परीक्षेला तपासनीस आला. "धुरानं चढणार नाही ना?" त्याने डोळा मिचकावला.

"नशेची जात नाही ही, साहेब. चढलीच तर भिंतच चढेल, मजल्यावर मजला!" सून म्हणाली.

एका बाजूला तासभर गॅसची ज्योत लावायची होती; दुसरी बाजू तापली नाही, तर पास. भिंतीचं तोंड काळंठिक्कर पडलं. सुनेला बघवेना. तेवढ्यात मामंजी उठले आणि भिंतीमागे दिसेनासे झाले. ती धावत गेली, तर म्हातारा भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून आरामात बसलेला!

"मामंजी, भाजेल ना!"

"कसलं भाजतंय? गार आहे, पोरी. गार!"

त्याच वेळी पलीकडून तपासनीस ओरडला, "पास!" सगळ्या आवारात एकच जल्लोष झाला. सून हसता हसता रडली.

म्हाताऱ्याने डोळेही उघडले नाहीत. "आणि ऐका रे," तो गरजला, "आजपासून जो कुणी काडी चुलीत टाकेल, त्याची गाठ माझ्याशी आहे!"