नमुन्याचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो, पण माझ्यातला चहा आजवर कुणी प्यायलेला नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या भावंडांच्या अंगावर किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या. माझ्या अंगावर शिक्का बसला, 'नमुना'. ती सगळी कुणाकुणाच्या घरी गेली. मी आलो एका कॉलेजात, जिथे विक्री आणि मार्केटिंगची पदवी शिकवतात.

तिथे तिसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिक असतं. सर गिऱ्हाईक होऊन खुर्चीत बसतात आणि मुलं त्यांना मला विकतात. 'घेणार का?' असं विचारायचं नाही, 'निळा देऊ की लाल?' असंच विचारायचं, हा सरांचा नियम. लाल तर तिथे कधी नव्हताच! मला उंच धरून जो तो म्हणायचा, "चोवीस तास चहा गरम, सर!" सुरुवातीला मी फुशारून जायचो. वाटायचं, आज कुणीतरी नेणार. मग तास संपायचा, खुर्च्या सरकायच्या आणि मी पुन्हा कपाटात. अकरा वर्षं विकला गेलो, पण एकदाही कुणाचा झालो नाही.

मध्ये कधीतरी एका उत्साही विक्रेत्याच्या हातून पडलो. बाहेर पोचासुद्धा आला नाही. आतल्या काचेचं टोक तेवढं तुटलं, आणि ऊब धरून ठेवणारी पोकळी गेली. सांगणार कुणाला? स्तुती चालूच राहिली.

मग हळूबाई आली. हे वर्गाने तिला ठेवलेलं नाव. ती बोलायचीच इतकं हळू. प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर पदवी हुकणार, आणि ठरलेली नोकरीही. परीक्षेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. तिने मला विसळलं आणि कॅंटीनमधलं कढत पाणी माझ्यात ओतलं. काय सांगू! पहिल्यांदाच पोटात ऊब आली. थोड्या थोड्या वेळाने ती झाकण काढून बघायची. पाऊण तासाने तिने बोट बुडवलं आणि तिचा चेहरा उतरला.

तिची पाळी आली. सरांनी नेहमीचं विचारलं, "किती वेळ गरम राहतं?"

"अर्धा तास, सर. मी भरून बघितलं."

वर्गात खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, थर्मास विकतेयस की त्याच्या चहाड्या करतेयस?"

"मग मी का घेऊ?" सर म्हणाले.

"प्रवासाला हवा असेल तर घेऊच नका. पण तुमचा चहा खालून तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत गारढोण होतो ना, सर? तेवढ्या जिन्यांना हा पुरून उरेल." तिने मला त्यांच्यापुढे ठेवलं. "घेणार का?"

नियम मोडला होता! सरांनी मला उचललं आणि माझं झाकण फिरवलं.

"अकरा वर्षं हा विकायला शिकवतोय," ते म्हणाले, "आणि झाकण काही उघडून बघितलं नाही. जा, पास."

ती पास झाली आणि मी नापास. नवा नमुना आला, माझी रवानगी माळ्यावर झाली. जाण्याआधी हळूबाईने मला आतून कोरडं केलं, लेकराचं अंग पुसावं तसं. मग तीही गेली. तिचा राग नाही मला. माझ्याविषयी खरं बोललेली ती एकटीच.

मित्रांनो, कुणाचं कौतुक जरूर करा. पण त्याआधी जवळ बसून विचारा, "बाबा रे, तुझं काही दुखतंय का?" आम्ही सांगू. आमच्याकडे वेळच वेळ आहे.