तुळईतली अळंबी

“आई, साधी अळंबी आहे ती! घर कोसळल्यासारखी काय ओरडतेस?”

“घर नाही, माझी खोली कोसळेल. माझ्याच खाटेवर.”

ती साधी अळंबी म्हणजे मी. मायलेकांची सकाळपासून माझ्यावरूनच जुंपली होती, तेव्हा माझी कुळकथा मलाच सांगू द्या.

डोंगरातल्या धुक्याच्या जंगलात, वादळाने आडव्या केलेल्या एका झाडावर मी रुजले. मेलेलं लाकूड खायचं आणि त्याची माती करायची, हा आमचा पिढीजात उद्योग. जित्या जिवाला मी कधी तोंड लावलं नाही. ते काम माणसांचं.

मग हा सुतार आला. कुऱ्हाडीच्या पाठीने त्याने ओंडका ठोकून पाहिला. आवाज भद्द आला. तरी म्हणाला, “चालेल. तिला खोली किती दिवस लागणार आहे!” ती म्हणजे त्याची आई. अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. तिला ठेवायला मागच्या अंगाला खोली हवी होती. त्याने ओंडक्याची तुळई कापली, भोकांत रंगाऱ्याची लांबी लिंपली, वर रंग फासला. मी आत सुकून पडले, पण मेले नाही.

म्हातारीही मेली नाही. उठली, हिंडू लागली, विणकाम घेऊन बसली. पुढे एक कौल तडकलं, तुळईवर पाणी झिरपलं, आणि मीही उठले. त्याचा अंदाज आम्ही दोघींनी चुकवला! आज सकाळी रंग फोडून मी कानासारखी बाहेर आले. म्हातारीने स्टुलावर चढून माझ्याशेजारी विणायची सुई टोचली. लोण्यात जावी तशी ती आत गेली.

“लाकूड कुजकं होतं, तुला माहीत होतं?”

“अगं, तुझ्यापुरतं टिकेल असं...” त्याने जीभ चावली. “मजबूत आहे! वरून रंगाचा हात मारतो.”

मी मनातून लेकाच्या बाजूची. तुळई उतरली तर मी चुलीत जाणार, राहिली तर म्हातारी मातीत. नाक मुरडू नका. मी निदान पोटासाठी खाते.

एक मात्र मी वरून, रंगाच्या भेगेतून रोज पाहायचे. छोटी नात आजीच्या कुशीत झोपी जायची, आणि हा रोज तिला उचलून न्यायचा. म्हणायचा, इथे गारठा आहे.

“शंभरदा सांगितलं, या तुळईला काही होणार नाही!” सुतार गरजला.

म्हातारीने खाटेवर दुसरी, लहान उशी मांडली. ज्या वाक्याने भांडण मिटलं आणि माझाही निकाल लागला, ते ती अगदी हळू बोलली:

“मग आज तुझी लेक इथेच झोपेल, माझ्याजवळ.”