ब्रॉल्गाची झाकणं

डेस प्रूइटच्या पिकअपच्या पुढच्या लोखंडी गार्डवर दोन मोठे गोल दिवे होते आणि त्या दिव्यांवर पारदर्शक झाकणं होती. झाकणांवर लाल रंगात ब्रॉल्गा नावाचा करकोच्यासारखा पक्षी, पंख पसरून नाचणारा, त्याच नावाच्या महागड्या कंपनीची खूण. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या टलावाना गावाच्या आसपास कच्च्या रस्त्यांवर गाडी हाकणाऱ्या माणसाला ब्रॉल्गाचे दिवे म्हणजे काय, हे सांगावं लागत नसे. ते ज्याच्या गाडीवर, त्याचं बरं चाललंय असं समजायचं आणि टोपीला जरा जास्त हात लावायचा.

डेसचे दिवे मात्र ब्रॉल्गाचे नव्हते. झाकणं तेवढी होती.

झालं होतं ते असं. एका संध्याकाळी कुंपणाचं काम आटपून येताना डेसच्या गाडीवर कांगारू आदळला आणि बायकोने, नोलीनने, धोशा लावला की काहीही कर, पण जादा दिवे बसव. पैसा बेताचा. दोघांनी मिळून जाहिरातींची पानं चाळली आणि ज्यांचं नावही कोणी ऐकलं नव्हतं असे स्वस्तातले दोन दिवे मागवले. दिवे चांगले निघाले. रस्त्यावरचे दगड उडून काच फुटू नये म्हणून डेस झाकणं शोधत होता, तर गावाबाहेरच्या उकिरड्यावर एका चेपलेल्या गाडीला ही दोन धड सापडली. कडा चाकूने तासल्या, प्लॅस्टिकच्या काळ्या पट्ट्यांनी आवळली, काम झालं. मनात पाप नव्हतं. देवाची शपथ घेऊन सांगता येईल, त्या दिवशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पेट्रोल भरायला स्पायरोकडे गेला. स्पायरो काक्रिसचा पंप, त्यालाच लागून त्याची खानावळ, आणि दारातल्या बाकावर बसणारे रिकामे लोक. स्पायरो नळी हातात धरून गाडीपुढे थबकला.

"अरे वा! ब्रॉल्गा! कुंपणं ठोकण्यात एवढा पैसा आहे होय? आणि मी गाढव इथे बटाटे तळत बसलोय!"

बाकावरची माणसं वळून बघू लागली. डेसकडे वळून बघावं असं त्याच्या आयुष्यात फारसं काही घडलं नव्हतं. 'झाकणं उकिरड्यावरची आहेत रे,' एवढंच म्हणायचं होतं. हसले असते, संपलं असतं. पण तो गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "चालायचंच."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. खरंच आहे, पण ती मूठ मग जन्मभर आवळून धरावी लागते, हे कोणी सांगत नाही. डेसने एक शब्दही खोटा उच्चारला नव्हता, तरी गाव त्याला दिव्यांतला जाणकार मानू लागलं. कोणी विचारलं की तो सांगायचा, आणि खरं तर नीट सांगायचा. खोक्यावरच्या, उजेड मोजणाऱ्या लुमेनच्या आकड्यांना भुलू नका. लांबवर जाणारा झोत हवा की बाजूला पसरणारा, ते तुम्ही कुठल्या वेगाने जाता त्यावर पाहा. पांढराफेक उजेड धुळीवर आपटून डोळ्यांत येतो, जरा पिवळसर घ्या. पकड हलकी असेल तर दिवा थरथरतो आणि सगळा रस्ता नाचतो. वायरिंग अशी हवी की समोरून कोणी आलं आणि डिपर दिला की हे दिवेही विझले पाहिजेत. सगळं अनुभवाचं होतं, आणि तो अनुभव स्वस्तातल्या दिव्यांचा होता. तेवढंच सांगायचं राहून जाई.

टलावानाच्या पत्र्याच्या चर्चमध्ये तेव्हा लुसीया फोनुआ नावाची पाद्रीबाई होती. मूळची टोंगा बेटांवरची, धिप्पाड, हसरी. तिचं प्रवचन बसून ऐकायची गोष्ट नव्हती. ते अंगावरून वाहत जायचं. आधी साधं बोलणं, विहिरीवर भेटल्यासारखं. मग कुठेतरी एखादा शब्द वर चढायचा, तिथेच थांबायचा, आणि पाहता पाहता त्याचं गाणं व्हायचं. ते कधी होणार हे तिच्याही आधी एका माणसाला कळायचं, ते म्हणजे पायपेटी वाजवणाऱ्या ईडी नावाच्या म्हाताऱ्या बाईला. ईडी लग्न होऊन गावात आली तेव्हापासून ती पेटी तिच्या पायाखाली होती. पाद्रीबाईने आवाज उचलायच्या आत ईडीचा पाय भात्यावर पडलेला असायचा. मेंढ्या कातरणारी आडदांड माणसं गुडघ्यावर टोपी ठेवून डोळे पुसायची आणि धूळ गेली म्हणायची.

ही लुसीयाबाई लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवर जायची. कुठे बाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लावायचं, कुठे आजाऱ्यापाशी बसायचं. एकदा परतताना तिन्हीसांजेला काळा बैल रस्त्यात उभा. रस्ता दिसेना आणि बैलही अगदी जवळ येईपर्यंत दिसेना. तिने गाडी खड्ड्यात घातली म्हणून बैलही वाचला आणि तीही वाचली, मनगट मुरगळण्यावर भागलं. त्या रविवारी प्रार्थनेनंतर चहा आणि खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक खाताना सगळ्यांनी ठरवलं, बाईच्या गाडीला जादा दिवे बसवायचे. वर्गणीच्या ताटात थोडं जमलं होतं.

"डेसला विचारा," ईडी म्हणाली. "त्याला कळतं."

डेसने कप खाली ठेवला. ही वेळ चांगली होती, हे त्यालाही कळलं. तो म्हणाला, "हे बघा, बाई काही शर्यतीत पळवत नाहीत गाडी. त्यांच्या वेगाला स्वस्तातलेही पुरतात. पाहून घेतले तर..."

"ऐका!" स्पायरोने लॅमिंग्टन हवेत उंचावला. "स्वतःच्या गाडीवर ब्रॉल्गा आणि देवाच्या माणसाला स्वस्तातले! अरे गड्या, वर गेल्यावर काय तोंड दाखवशील?"

सगळे हसले. पाद्रीबाईही हसली. कोणाच्या मनात काही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. डेसला वाटलं, आता सगळे उठून बाहेर जाणार आणि झाकणाखाली बघणार. कान तापले. आणि तो म्हणाला, "तसं नाही रे. परवडत असेल तर... ब्रॉल्गाच घ्या. प्रश्नच नाही."

"परवडत तर नाही," कोणीतरी म्हणालं.

मग ईडी म्हणाली, "समुद्राकाठचा तो जुन्या वस्तूंवाला पायपेटी मागतोय कधीचा. त्याच्या दुकानाच्या दर्शनी भागात ठेवायची म्हणे. विकून टाकू."

"ईडी, अगं पेटी?" लुसीयाबाई म्हणाली.

"तू मेलीस तर मी पेटी घेऊन काय करू, पोरी? बैलाला ऐकवू?"

पुन्हा हसू झालं आणि ठरूनही गेलं. डेसने अर्धा लॅमिंग्टन बशीत ठेवला आणि टोपी उचलली.

घरी नोलीन भांडी घासत होती. तिने सगळं ऐकलं होतं, मागच्याच बाकावर होती.

"सांगणार आहेस ना?"

"आता कसं सांगू? तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तेव्हा नाही सांगितलंस, म्हणून तर आता सांगायचं."

"लोक काय म्हणतील, नोल?"

नोलीनने ताटली फडक्यावर उपडी घातली. "लोक काय म्हणतील ते मला माहीत नाही. पेटी काय म्हणायची ते मला माहीत आहे. आपलं लग्न तिच्या सुरांवर लागलंय." एवढं बोलून ती वाळलेले कपडे आणायला दोरीकडे गेली.

डेसने आठवडा काढला. कुंपणाचे खांब रोवताना तो मनात वाक्यं जुळवायचा. स्पायरोला एकट्याला गाठून सांगू. पाद्रीबाईला चिठ्ठी टाकू. नाहीतर नवीन ब्रॉल्गा आपणच घेऊन देऊ, पण पैसा कुठून आणू? वाक्यं जुळायची आणि गाडीजवळ आलं की ती झाकणं चमकायची. पट्ट्या कापून टाकाव्यात म्हणून त्याने एकदा पक्कड हातात घेतलीही. समोरून कोणाची तरी गाडी आली, ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार केला. डेसनेही बोट उचललं आणि पक्कड खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी ईडीचा निरोप आला. पेटी स्पायरोच्या पंपावर पोचवायची आहे, तिथून मालाचा ट्रक घेऊन जाईल. आणि गाडी कोणाची? डेसची. ब्रॉल्गाचं तूच सुचवलंस, तेव्हा हे पुण्यही तुझंच.

तो पोचला तेव्हा पेटी चर्चच्या दाराशी आणून ठेवली होती. ईडीने लाकडाला मेण लावून ते असं चकचकीत केलं होतं की जणू मुलगी सासरी धाडायची आहे. भात्यांच्या पायट्यांवरचं कापड झिजून खाली लाकूड दिसत होतं, डावीकडे जरा जास्त. स्पायरो उचलायला आला होता. लुसीयाबाई आत बाक सरकवून वाट मोकळी करत होती.

"एक बरं झालं," ईडी डेसला म्हणाली, "मला आता पायटे जडच जातात. गुडघे कुरकुरतात. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

डेसने तिच्याकडे पाहिलं. मागच्याच रविवारी त्याने तिला वाजवताना पाहिलं होतं. पाय कसे हलत होते, तेही पाहिलं होतं. ही म्हातारी खोटं बोलत होती, आणि ते त्याला बरं वाटावं म्हणून. खोटं असंही असतं तर! आणि आपलं?

डेसने आणि स्पायरोने पेटी उचलली. हौद्यात चढवताना तिच्या पोटातून हवा निघाली आणि एकच सूर उमटला, अर्धवट, झोपेत कोणी हाक मारावी तसा. ईडीने पटकन तोंड फिरवलं.

डेस गाडीच्या पुढे गेला. स्पायरोला वाटलं, किल्ली घ्यायला चाललाय. पण डेस गुडघ्यांवर बसला, खिशातून पक्कड काढली आणि पट्ट्या कापल्या. एक झाकण निघालं. दुसरं. खाली मळकट, साधे दिवे, आणि त्यांच्यावर चिकटवलेलं कागदी नाव. उन्हात त्याचं एक टोक सुटलं होतं.

"हे ब्रॉल्गा नाहीत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कधीच नव्हते. झाकणं उकिरड्यावरची आहेत."

स्पायरो हसेल, असं त्याला वाटलं होतं. हसावं, अशी त्याची इच्छा होती. स्पायरो हसला नाही. त्याने एक पाऊल मागे घेतलं आणि हात पँटला पुसले.

ईडी जवळ आली. वाकली. दिव्याच्या काचेवर बोट फिरवलं.

"हे कसे आहेत?"

"काय?"

"दिवे रे. दिसतं का यांनी?"

"दिसतं. खड्डा दिसतो, कडेचा कांगारू दिसतो. धुळीतही बरे आहेत."

"पाद्रीबाईला पुरतील?"

"पुरतील."

"मग त्या रविवारी हेच का नाही म्हणालास?"

खरं कारण इतकं लहान होतं की ते उचलून दाखवायचीही लाज वाटावी. "स्पायरो... सगळे हसले असते."

"एवढ्यासाठी?" ईडी म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. ते 'एवढ्यासाठी' डेसच्या काळजात असं रुतलं की त्यापेक्षा स्पायरोने चारचौघांत कानाखाली काढली असती तर बरं झालं असतं. माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो म्हणतात, ते त्याला तिथे मातीत गुडघे टेकलेले असताना कळलं.

आतून लुसीयाबाई आली होती. किती ऐकलं कोण जाणे. तिने बाह्या सारल्या, दुखऱ्या मनगटाकडे न बघता पेटीखाली हात घातला आणि म्हणाली, "चला, परत आत घेऊ. डेस, तुझ्या बाजूचा कोपरा सांभाळ. दाराला लागतो."

ताटात जमलेल्या पैशांत डेसकडे होते तसलेच स्वस्तातले दिवे बसले, वर चहाच्या साखरेपुरते उरले. ते आल्यावर डेसने एका संध्याकाळी चर्चच्या अंगणात पाद्रीबाईच्या गाडीवर बसवले. वायरिंग दोनदा तपासलं. गाडी पांढऱ्या पत्र्याच्या भिंतीसमोर उभी करून झोत लावले, एक सरळ वाटेवर, दुसरा जरा डावीकडे, जिथून कांगारू उडी घेतात तिकडे. डिपर दिला, दोन्ही विझले. पुन्हा अप्पर, दोन्ही लागले. भिंतीवर दोन उजेड एकात मिसळून मोठा पिवळा डाग पडला. भिंतीपलीकडे ईडी उद्याची गाणी बसवत होती. तिचे गुडघे काही कुरकुरत नव्हते.

लुसीयाबाई खिडकीतून म्हणाली, "आत ये ना, चहा आहे."

"हात काळे आहेत, बाई."

"चहाला चालतात काळे हात."

तो गेला नाही. हत्यारं गोळा करत राहिला, गोळा झाली तरी.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यात मागच्या बाकावर बसला आणि मान खाली घातली. त्याला खात्री होती, आज दिव्याचं प्रवचन होणार. धर्मग्रंथात दिव्यांना काय तोटा? झाकलेला दिवा, मिणमिणता दिवा, तेल संपलेला दिवा. एखादा दृष्टांत येईल, लोक हळूच मागे वळतील, स्पायरो खाकरेल. आणि ते झालं तर बरंच होईल, असंही त्याला वाटत होतं. उजेडात आलं म्हणजे फिटलं.

लुसीयाबाई भाकरीवर बोलली. ओसाड रानात भुकेल्या लोकांना रोज सकाळी मिळणाऱ्या भाकरीवर. दिव्याचा द काढला नाही. बोलता बोलता 'रोजची' हा शब्द वर चढला, थांबला, आणि ईडीचा पाय आधीच भात्यावर होता. सगळे गाऊ लागले. नोलीनने डेसला कोपराने ढोसलं. त्याने तोंड उघडलं, ओठ हलवले, पण आवाज काही निघाला नाही.

बाहेर पडताना पायरीवर त्याचं पाऊल अडखळलं. ईडीने जिरेनियमच्या दोन कुंड्या ठेवल्या होत्या आणि कुंड्यांखाली पाणी झिरपू नये म्हणून ती दोन झाकणं. टाकाऊ वस्तू तिला टाकवत नसे, यापलीकडे तिच्या मनात काही नसावं. मातकट पाण्याखाली लाल ब्रॉल्गा पंख पसरून नाचत होता.

मागून स्पायरो आला. त्याने कुंडीकडे पाहिलं, डेसकडे पाहिलं. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं.

"बोल," डेस म्हणाला. "बोलून टाक, स्पायरो."

"काही नाही," स्पायरो म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवून गाडीकडे गेला.

डेस वाकला. एका कुंडीतलं वाळकं पान त्याने खुडलं, खिशात घातलं, आणि मग झाकणावर पाय पडू नये म्हणून पायरीच्या कडेकडेने खाली उतरला.