पक्कडीचे दात

"वहिनी, नटाला पक्कड लावू नकोस हं. पाना धरतो, पक्कड चावते."

नणंद यंत्रजोडणीच्या कारखान्यात होती. बाळाच्या पाळण्याचा लोखंडी स्टँड तिनेच जोडला, आणि जाताना तेरा नंबरचा पाना फडताळात ठेवून गेली.

"बरं बाई, पाना उशाशी घेऊन झोपते," वहिनी हसली, आणि विसरली.

पाळणा मात्र ती क्षणभरही विसरत नसे. स्टँड जरा कुरकुरला की ती नट आवळायला धावायची. बाळ कडेवर, दूध उतू जायच्या बेतात, पाना फडताळाच्या तळाशी. तारा कापायची पक्कड तेवढी ओट्यावर, हाताशी. मग पक्कडच. आवळायचं, हलवून बघायचं, पुन्हा आवळायचं.

"त्या नटाला श्वास तरी घेऊ दे," नवरा चिडवायचा.

पक्कड घसरायची. दर खेपेला नटाचा एखादा कोपरा झिजायचा, लोखंडाचा चकचकीत भुगा तिच्या नखांत बसायचा. तळहात दुखला की तिला वाटायचं, झालं घट्ट.

शेजारच्या काकू एकट्याच राहायच्या, गुडघ्यांनी अधू. न्हाणीघरात धरून उठायचा त्यांचा दांडा डुगडुगायला लागला, तेव्हा ही मोठ्या तोऱ्यात तीच पक्कड घेऊन गेली आणि दांड्याचे नट आवळून आली.

"पोरी, मिस्तरीच्या पोटावर पाय आणशील गं!" काकू म्हणाल्या.

एका दुपारी बाळ पाळण्यात झोपलेलं असताना कुरकुर वाढली. तिने नट चाचपला. कोपरे गेलेले, गोटीसारखा गुळगुळीत. पक्कड धरेना. पाना शोधून लावला, तर तो नटाभोवती नुसता गरगर फिरला. फोन स्वयंपाकघरात होता. तिने नणंदेला लावला.

"कोपरे खाल्लेस तू त्याचे. आणि सैल राहून आतले आटेही गेले असतील. बाळाला आधी उचल तिथून!"

ती वळली तेवढ्यात आवाज झाला. आधी लोखंडाचा. मग बाळाचा नाही, आणि तेच भयंकर होतं.

दवाखान्यात बाळ नंतर रडलं. गळ्याजवळचं हाड मोडलंय. डोक्याला आतून मार आहे का, हे अजून कोणी नक्की सांगत नाही. नवरा डॉक्टरांच्या दाराशी उभा. नणंद आली, शेजारी बसली. बोल लावला असता तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "वहिनी, आणखी कुठे लावलीस ती पक्कड?"

"काकूंच्या न्हाणीघरात," म्हणत वहिनीने त्यांचा नंबर लावला.

काकूंचा फोन वाजतोय, उचलत कोणी नाही. या वेळी त्या आंघोळीला जातात. नणंद धावत निघालीय, पण शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं आहे. बाळापाशी बसून वहिनी दिसेल त्याला विनवतेय, आणि तुम्हालाही. त्या बाजूला असाल तर जा हो. दुसरा मजला, जिन्यालगतचं दार. काकूंना कमी ऐकू येतं, जोरात वाजवा. उघडलं नाही तर फोडा.