पाय न टेकता

माघ सरत आला होता. धुके ओसरले होते, आणि निरभ्र नभाखाली ती परित्यक्त खाण आपले कृष्णपाषाणी काळीज उघडे टाकून पडली होती. कधीकाळी सुरुंगांनी फोडलेले आणि मग विसरलेले दगड. दगडांच्या कुशीत साचलेले, हलायलाही कंटाळलेले हिरवे पाणी. आणि त्या पाण्यावर उतरलेले सकाळचे कनकवर्णी ऊन, जणू चुकून भलत्याच घरी आलेले.

त्या उन्हात इंद्रजित शिंत्रे उभा होता, आणि त्याच्या ओठांवर तुच्छतेची बारीक रेघ होती.

तुच्छता त्याला शोभत असे. पंचेचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, वाऱ्याने रापलेला माणूस. हिमशुभ्र खिंडी, लवणधवल वाळवंटे, सर्पवळणी घाट, सारे त्याने चाकाखाली घातले होते. कोल्हापुरातल्या मोटारसायकलवाल्यांच्या क्लबात त्याचा शब्द शेवटचा. वेग हेच त्याचे दैवत, आणि जे जे संथ, ते ते त्याच्या लेखी क्षुद्र. बैलगाड्या क्षुद्र, मिरवणुका क्षुद्र, सावकाश बोलणारी माणसे तर क्षुद्रातली क्षुद्र.

आणि आता त्याच्यासमोर ही गाडी! गाडी कसली, गाडीचा सांगाडा. बसायला सीट नाही. टायरांत हवा असून नसल्यासारखी. आवाज घसा बसलेल्या गवयासारखा. हिच्यावर उभे राहायचे, आणि मुंगीच्या चालीने दगडांवरून जायचे. ट्रायल्स म्हणतात म्हणे याला. पाय जमिनीला टेकला की एक गुण गेला, पडलात की पाच गेले. किती वेगाने गेलात, ते कुणी विचारतसुद्धा नाही. ज्या खेळात वेगाला मान नाही, तो खेळ कसला?

शिकवणारी होती जमिला मुजावर. गॅरेजवाल्याची लेक, चाळिशीची, काटक, नखांत ग्रीसची काळी चंद्रकोर. ती एका दगडावर बसून भाजलेल्या शेंगा सोलत होती.

"उभं राहा, दादा. गुडघे सैल. क्लचवर एकच बोट. दगडाकडं बघू नका, दगडाच्या पलीकडं बघा."

"एवढ्यासाठी चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो," इंद्रजित म्हणाला.

"जावा की चालत. अडवलंय कुणी?"

दगड गुडघ्याएवढा. फक्त गुडघ्याएवढा. आणि ज्याने हिमालय ओलांडला, त्याचे पुढचे चाक त्या दगडावर चढले, थरथरले, आणि त्याचा डावा पाय आपसूक खाली गेला.

"टेकला," जमिला म्हणाली, आणि शेंग फोडली.

पुन्हा चढला. टेकला. पुन्हा चढला. टेकला. एकदा गाडी उजवीकडे कलली आणि तो कोपरावर आपटला. जमिलाने मान वरही केली नाही.

तो तेव्हाच निघून गेला असता. पण घरी मृणाल होती.

घरी, खिडकीशी, उशीवर घोटा ठेवून बसलेली त्याची बायको होती. कार्तिकातल्या एका सोनेरी दुपारी, सहाशे किलोमीटरचा रस्ता विजेसारखा कापून आल्यावर, एका ढाब्याच्या अंगणात त्याने गाडी वळवली होती. माणूस चालतो त्या गतीने. खाली बारीक खडी होती. त्याचा टेकलेला पाय सरकला, ती महाकाय गाडी झुकली, आणि तिचा सारा भार मागे बसलेल्या मृणालच्या घोट्यावर आला. हाडाचा आवाज त्याने ऐकला होता. कोरडा, छोटासा आवाज.

क्लबाला त्याने सांगितले, ट्रकने धक्का दिला.

भेटायला आलेले मित्र हळहळून गेले. पलंगावरच्या मृणालने सारे ऐकले होते. दार लागल्यावर ती एवढेच म्हणाली, "ट्रकचा नंबर काय सांगायचा तेही ठरवून ठेव."

तिच्या स्वरात राग नव्हता. राग त्याने सोसला असता. त्या स्वरात होती थंड, पारदर्शक, निथळलेली तुच्छता, त्याच्यासारख्याच्याही ओठांवर कधी न उमटलेली. तेव्हापासून तो अंगणात गाडी वळवायलाही भीत होता, आणि म्हणूनच या संथ खेळाच्या दारी आला होता.

तो पुन्हा दगडाकडे वळला. आणि तेवढ्यात खाणीच्या तोंडाशी गडगडाट झाला.

चार गाड्या. चकचकीत, मदमस्त, सिंहगर्जित. पुढे धैर्यशील, त्याचा क्लबातला वीस वर्षांपासूनचा मित्र. कुणाकडून तरी त्यांना बातमी लागली होती.

"इंद्रा! सर्कशीत भरती झालास काय?" धैर्यशील हेल्मेट काढत ओरडला. "अरे, चालत गेला असतास तर लवकर पोचला असतास!"

चौघे हसले. काळ्या कड्यांवर आदळून ते हसू चहूबाजूंनी परतले, आणि इंद्रजितला ते ओळखू आले. शब्द त्याचे. हसूही त्याचेच. किती पोकळ वाजते हे, त्याला वाटले. आजवर किती जणांच्या अंगावर आपण हे फेकले!

त्याने गाडी दगडाला टेकवली.

"मृणालचा पाय ट्रकनं मोडला नाही," तो म्हणाला. "ट्रक नव्हताच. ढाब्यावर गाडी वळवताना मी पाडली. माणूस चालतो त्या गतीनं."

एकाने हातमोज्यांकडे पाहिले. एकाने घड्याळाकडे.

"मग आम्हाला ट्रक कशाला सांगितलास?" धैर्यशीलने विचारले.

"लाज वाटली."

धैर्यशीलने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. खरचटलेले कोपर, धुळीने माखलेली विजार, तो बिनसीटचा सांगाडा. त्याच्या ओठांवर एक बारीक रेघ उमटली.

"चला रे," तो इतरांना म्हणाला. "ऊन चढतंय."

गडगडाट गेला. मागे धुळीचा पिंगट, सुस्त पडदा उरला, आणि तोही हळूहळू बसला.

"झालं बोलून?" जमिलाने मांडीवरची टरफले झटकली. "किक मारा मग."

त्याने किक मारली. उभा राहिला. गुडघे सैल झाले, कदाचित थकून, कदाचित आता सावरण्याजोगे काही न उरल्याने. क्लचवर एक बोट. दृष्टी पलीकडे. पुढचे चाक चढले, थरथरले. त्याचा पाय हलला, थबकला, जागीच राहिला. मागचे चाक चढले. क्षणभर सारी गाडी त्या पाषाणमाथ्यावर स्थिर उभी होती, आणि मग ती हलकेच, पाण्यासारखी, पलीकडे ओघळली.

त्याने वळून जमिलाकडे पाहिले. ती पुढच्या दगडाकडे बोट दाखवत होती.

पुढचा दगड कमरेएवढा होता. त्यापुढचा छातीएवढा. त्यामागे आणखी दगड, आणखी दगड, थेट कड्यापर्यंत. उन्हात तापत, काळे, कातीव, अबोल, आणि कुणाचेही कौतुक नसलेले.