वॉटफर्डची अंबाडी

मी गांजाचं झाड बोलतेय. जरा हळू बोलतेय, कारण इंग्लंडात मला घरात लावणं गुन्हा आहे आणि वॉटफर्डमधल्या भाड्याच्या घरांच्या भिंती पातळ असतात. वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत एक कपाट आहे, त्यात दिव्याखाली मी वाढले.

मी पाकिटातून आले, बी होऊन. माझ्यासोबत एक भाऊ होता. तो नर निघाला, तसा प्रबुद्धनं त्याला मुळासकट उपटून काळ्या पिशवीत कोंबला. आमच्यात कामाची फुलं मादीचीच, नराला कोणी विचारत नाही. ज्या हातांनी इतकं जपलं तेच हात उपटूही शकतात, एवढं मी त्या दिवशी शिकले.

प्रबुद्ध नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला. त्याची बायको दीक्षा. तिला दर महिन्याला पोटात अशी कळ येते, की ती बाथरूमच्या फरशीवर मुटकुळं करून पडते. मोठ्या डॉक्टरांची तारीख पुढे पुढे जात होती. माझ्या फुलांनी दुखणं कमी होतं असं त्याला कोणीतरी सांगितलं. होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी काही वैद्य नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. कायम राहण्याचा अर्ज तोंडावर आला होता. मी सापडले तर अर्ज गेला, नोकरी गेली आणि बिऱ्हाड परत नागपूरला, हे दोघांनाही माहीत होतं.

मग मी आजारी पडले. आधी खालची पानं पिवळी झाली. प्रबुद्धनं फोनवरचे फोटो ताडून पाहिले आणि नत्र कमी आहे म्हणून खत दिलं. पानांची टोकं करपली. पुढे शिरा हिरव्या आणि मधलं अंग पिवळं दिसू लागलं, तेव्हा मॅग्नेशियम कमी ठरलं. तांबूस ठिपके आले, मग कॅल्शियम. रोज नवा रोग आणि रोज नवी बाटली. मला राग यायचा. माणसांचं असंच असतं, पान पिवळं दिसलं की ती पानालाच औषध देतात.

अहो, मी उपाशी नव्हतेच. पायाशी सगळं वाढलेलं होतं, पण मला घास घेता येत नव्हता. इथल्या नळाच्या पाण्यात चुना फार. त्या पाण्यानं माती अशी झाली होती की मुळांना काही उचलताच येईना. एके सकाळी चहा करताना प्रबुद्धला किटलीच्या तळाशी पांढरी खपली दिसली आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं माती धुतली, पाणी बदललं, आंबटपणा तपासायच्या पट्ट्या आणल्या. नवं पान हिरवं फुटलं तेव्हा त्यानं दीक्षाला ओढत आणून दाखवलं. ती कितीतरी दिवसांनी हसली. मलाही बरं वाटलं. पण पिवळी होते तोवर मला वास नव्हता. बरी झाले, फुलं धरली आणि वास सुटला.

त्यातच प्रबुद्धची आई आली. चंदाबाई. वस्तीतला दारूचा गुत्ता बंद पाडणाऱ्या बायकांत ही सगळ्यांत पुढे होती. तिला झोपायला नेमकी माझीच खोली मिळाली. कपाटाला कुलूप लावून प्रबुद्धनं आत ऑफिसचं सामान आहे असं सांगितलं. रोज सकाळी ती पंचशील म्हणायची. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते मी कपाटात अंग चोरून ऐकायचे.

एक दिवस तो घाईत कुलूप विसरला आणि जाड पांघरूण शोधताना तिनं दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा असा खुलला, की काय सांगू. तिला मी अंबाडी वाटले. आमची पानं दिसतातच सारखी. फ्रोजन पालकाला कंटाळलेली बाई ती. पोरानं अंबाडी लावली आणि अशी कपाटात कोंडली, म्हणून हळहळली. मला उचलून तिनं रस्त्याकडच्या खिडकीत उन्हाला ठेवलं. कोवळा पाला खुडून तुरीची डाळ घालून भाजी केली. आंबट लागेना, तेव्हा या देशाच्या मातीला नावं ठेवून चिंच घातली.

प्रबुद्धला मी रस्त्यावरूनच दिसले. तो धापा टाकत वर आला, पडदे ओढले आणि भाजी कचऱ्यात ओतली.

"आई, ती अंबाडी नाही. गांजा आहे."

चंदाबाई खाली बसली. प्रबुद्धनं कात्री काढली, तर दीक्षा कुंडीला धरून उभी राहिली.

"नाही कापायचं, प्रबुद्ध. फुलं काढायला थोडेच दिवस राहिलेत. मी नाही सहन करू शकत आता."

मग तिनं सासूला सगळं सांगितलं. फरशी, कळ, पुढे जाणारी तारीख. आजवर लपवलं होतं. चंदाबाई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"पाचवं शील तुम्ही मोडलं," ती शेवटी म्हणाली, "चौथं मी मोडीन. कोणी आलं तर झाड माहं. पोराले ठाऊक नाही. म्हातारीले काय करतीन?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं. प्रबुद्ध नको नको म्हणत राहिला, पण तिनं वाक्य पाठ केलं. भांडी घासताना पुटपुटायची, 'धिस माय प्लांट, माय सन नॉट नो.' माझा वास झाकायला तिनं दुसरी युक्ती काढली. रोज सुकट भाजायची. सुकटीपुढे कोणाचं काय चालणार! पण शेजारची मॉरीन नाक धरून कुंपणाशी आली आणि कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवते म्हणाली. कोणत्या वासाबद्दल, ते विचारायची घरात कोणाची छाती झाली नाही.

आता प्रबुद्ध आणि दीक्षा कामावर गेलीत. खोलीची खिडकी किलकिली आहे आणि खालचं दार बरोबर तिच्याखाली. बेल वाजली. कौन्सिलची बाई आहे. गोड आवाजात सांगतेय, तक्रार मासे भाजण्याच्या वासाची आहे, स्वयंपाक करताना पंखा लावाल का. माझा विषयसुद्धा नाही. पण चंदाबाईला त्या सगळ्यातून 'स्मेल' एवढाच शब्द कळलाय.

मासे म्हण, माय. नुसतं मासे म्हण आणि दार लाव. मला हात असते तर मीच मला उपटलं असतं.

खाली ती घसा साफ करतेय.

"धिस माय प्लांट," ती म्हणते. "कम. आय शो."