अनुमोदकाची सही

चार निवृत्त माणसं एकत्र बसली की पुण्यात मंडळ निघतंच. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीतही ते निघालं. दर रविवारी चार वाजता शरच्चंद्रांच्या हॉलमध्ये टीव्हीवरचे जुने पॉपगाण्यांचे कार्यक्रम बघायचे, चहा प्यायचा आणि मग त्यातल्या एखाद्या वादग्रस्त माणसावरून कडाकडा भांडायचं. एवढ्यावर भागलं असतं हो! पण शरच्चंद्र खडकीच्या कारखान्यात बावीस वर्षं युनियनचे चिटणीस होते, ठरावाशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. म्हणून प्रत्येक वादाच्या शेवटी ठराव व्हायचा, तो वहीत लिहिला जायचा आणि सूचक-अनुमोदक खाली सही करायचे. अनुमोदक पाळीपाळीने. या रविवारी पाळी त्यांच्या बायकोची, सुनीतीची होती.

सकाळीच शेजारचे सुखदेवभाऊ पेनड्राइव्ह देऊन गेले होते. "भाच्यानं जुन्या कॅसेटीवरनं उतरवून दिलंय, वहिनी. सॅमी दिलबागचा शो हाय. आपल्या पुण्यात झालेला." 

पॉपगायक सॅमीचा शो पुण्यात एकदाच झाला होता, चौऱ्याण्णव साली. ती तेव्हा वीस वर्षांची. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते अशी थाप मारून गेली होती. सॅमीने गर्दीतून चार मुली स्टेजवर बोलावल्या, त्यात ती होती. शूटिंग संपल्यावर सही देतो म्हणून त्याने तिला एकटीला मेकअपच्या खोलीत नेलं. पुढचं तिने आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी नवऱ्यालाही नाही. आता दोन महिन्यांपूर्वी तीन बायकांनी त्याच सालच्या शोंवरून सॅमीविरुद्ध तोंड उघडलं होतं. तेव्हापासून बातम्या लागल्या की ती भांडी घासायला उठायची, घासून ठेवलेलीसुद्धा.

पेनड्राइव्ह कुठेतरी टाकून द्यावा असं दहादा तिच्या मनात आलं. पण सुखदेवभाऊंना काय सांगणार? डोकं दुखतंय म्हणून आत पडावं, तर ही माणसं आपल्यामागे बघणार, आणि कोण काय बोललं ते कळणारही नाही. ते जास्त भयंकर. म्हणून ती सोफ्याच्या कडेला बसली. हातातला कप तिने न पिताच खाली ठेवला.

शो सुरू झाला. चकचकीत जाकीट घालून सॅमी आला, आणि वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीताई म्हणाल्या, "मेल्याचा आवाज मात्र गोड होता."

"तेच म्हणतोय मी," शरच्चंद्र सरसावले. "एवढा मोठा माणूस! आणि या बायका एकतीस वर्षांनी उगवतात. प्रसिद्धी हवी असते, दुसरं काय?"

"आन् खरं असलं तर?" सुखदेवभाऊ म्हणाले.

"खरं असतं तर तेव्हाच नसत्या बोलल्या? आणि मुळात स्टेजवर नाचायला गेल्याच कशाला? आपल्या घरातली मुलगी जाईल का?"

सुनीतीने पदर घट्ट धरला. स्टेजवर मुली चढत होत्या. पहिली, दुसरी. तिसरी पिवळ्या ओढणीची. सॅमीने तिचा हात धरून तिला गोल फिरवलं, आणि ती इतकी खुशीत हसली की सुनीतीला तिची दयाच आली. पळ ना गं, वेडे.

"थांबवा, थांबवा!" मंदाकिनीताई ओरडल्या. "ही पिवळी कुठंतरी पाहिलीय हो मी."

शरच्चंद्रांनी चित्र थांबवलं. चष्मा पुसला, उठून टीव्हीजवळ गेले, वाकून निरखून पाहिलं. सुनीती त्यांच्या पाठीकडे बघत होती. आता वळतील, आता वळतील.

"छे! तेव्हा सगळ्या पोरी अशाच दिसायच्या," असं म्हणून ते परत येऊन बसले.

वाचले रे देवा, असं तिला वाटलं. मग अठ्ठावीस वर्षं ज्याला डबा करून दिला त्या माणसाने आपल्याला ओळखलं नाही, याचं वाईटही वाटलं. पण भीती मोठी होती, तिने ते वाईट वाटणं मागे ढकललं.

शो संपला. शरच्चंद्रांनी वही उघडून खणखणीत आवाजात वाचलं, "ठराव क्रमांक एकोणीस. सॅमी दिलबाग यांच्यावरील आरोप खोटे व हेतुपुरस्सर असून हे मंडळ या आरोपांचा निषेध करीत आहे. सूचक, मी. अनुमोदक, सुनीती." सुखदेवभाऊ काही पुटपुटले. मंदाकिनीताई बिस्किट बुडवत म्हणाल्या, "करून टाका, पुढचं बघू."

वही तिच्या मांडीवर आली. वहीत पेन होतं. सही केली की संपलं, कुणाला कधीच काही कळणार नाही. तिने पेन कागदावर टेकवलं आणि हात हलेना. त्या तिघींच्या डोक्यावर आपणच हा शिक्का मारायचा?

"अगं, कर ना. चहा गार होतोय."

"मी नाही करणार."

"आता काय झालं?"

"अहो, ती पिवळ्या ओढणीची मी आहे." तिने पेन आत ठेवून वही मिटली. "सही देतो म्हणून नेलं त्याने. दाराला आतून कडी लावली. मी चावले, म्हणून सुटले. ओढणी तिथेच राहिली."

सुखदेवभाऊंनी मान खाली घातली. मंदाकिनीताई बिस्किट तसंच टाकून तिच्याजवळ सरकल्या.

शरच्चंद्रांनी रिमोट उचलला. शो मागे नेला, पिवळी ओढणी आली तिथे थांबवला, आणि त्या वीस वर्षांच्या हसणाऱ्या मुलीकडे बघत राहिले.

"तिच्याकडे काय बघताय?" सुनीती म्हणाली. ती उठून टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली. "मी इथे आहे."

ते हातातल्या रिमोटकडे बघू लागले, मान वर करीनात.